कोंबड्यांची घरघर: ओळख, उपचार व बंदोबस्त

परसांत दहापांच कोंबड्या नाहींत असें शेतकऱ्याचें घर आपल्या इकडे विरळाच. या कोंबड्यांचा जमाखर्च बहुधा कोणी मांडीत नाहीं. त्या उकिरड्यावर वेचून खातात, रात्रीं खुराड्यांत किंवा डालग्याखालीं बसतात आणि गावरान असल्या तरी वर्षाकाठीं साठसत्तर अंडीं देतात. मुलांच्या वह्या, घरधनिणीच्या हातांतील मीठमिरचीचा पैसा आणि अवचित आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार या गोष्टी त्यांवर भागतात. असें हें बिनबोभाट वाढणारें भांडवल एखाद्या आठवड्यांत साफ नाहींसें होतें, आणि त्याची पहिली सूचना पुष्कळदां रात्रीच्या शांततेंत खुराड्यांतून ऐकूं येणाऱ्या घरघरीनें मिळते. या घरघरीचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरघर हें रोगाचें नांव नव्हे. तें लक्षण आहे. निदान नऊदहा निरनिराळ्या कारणांनीं कोंबडीची घरघर होऊं शकते. त्यांपैकीं कांहींस औषध आहे, कांहींस केवळ हिरवा पाला पुरतो, कांहींस खुराड्याला झरोका पाडणें हाच उपाय, आणि जें कारण सर्वांत घातक त्यास रोग जडल्यानंतर औषधच नाहीं. असें असतां लोक दुकानांतून एखादी गोळी आणून सर्वांस सारखीच चारतात. आमचा जन्म महसुली खात्याच्या कारकुनींत गेला. तेथें एक शिस्त अंगीं बाणली ती ही कीं, पंचनाम्यावांचून निकाल नाहीं. कोंबड्यांच्या आजारासही हाच नियम लागू करावा असें आम्हांस वाटतें.

श्वसनाची रचना

कोंबडीची फुप्फुसें माणसाप्रमाणें फुगत व आकसत नाहींत. तीं पाठीच्या फासळ्यांस घट्ट चिकटलेलीं असतात. तिच्या अंगांत नऊ हवेच्या पिशव्या असून त्या भात्याप्रमाणें हवा खेळवितात. छाती व पोट वेगळें करणारा पडदाही तिला माणसासारखा नसतो. यामुळें दोन गोष्टी घडतात. एक, श्वासाबरोबर आंत गेलेला जंतु छातीपुरता न राहतां पोटांतील पिशव्यांपर्यंत पोंचतो. दुसरी, कोंबडी जोरानें खोकून घशांतील घाण बाहेर टाकूं शकत नाहीं. शिवाय तिच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच उघडें असतें. म्हणून चोंच फांकवून बळेंच तेल, काढा किंवा पाणी ओतलें तर तें सरळ श्वासनलिकेंत जाऊन पक्षी गुदमरतो. आजारी कोंबडीस पाजतांना चोंचेच्या कडेला थेंब लावावा व तो तिचा तिनें गिळूं द्यावा.

पहिल्या तासांतील काम

आवाज ऐकूं येतांच किंवा नाकाडोळ्यांतून पाणी दिसतांच तो पक्षी निराळा काढावा. घराच्या दुसऱ्या बाजूस, वाऱ्याच्या खालच्या अंगास, उबदार पण मोकळ्या जागीं त्यास ठेवावें. त्याचें पाण्याचें भांडें वेगळें असावें. दाणापाणी प्रथम निरोगी पक्ष्यांस व मागाहून आजाऱ्यास द्यावें. उलट क्रम करूं नये. नंतर हात साबणानें धुवावे व पायांतील वहाणा बदलाव्या. शेजारणीच्या कोंबड्या पाहावयास त्याच पावलीं जाऊं नये. जंतूस चालण्यास पाय नसतात. ते त्यास आपणच पुरवितों.

पंचनामा

पुढें दिलेल्या प्रश्नांचीं उत्तरें वहींत टिपून ठेवावीं.

१. आजारी पक्षी किती, मेलेले किती, आणि आरंभ कोणत्या दिवशीं झाला?
२. आजार एकदोघांत रेंगाळत आहे, कीं दोनतीन दिवसांत सर्वत्र पसरला?
३. नाकांतील स्राव पातळ, घट्ट कीं दुर्गंधियुक्त आहे? तोंड सुजलें आहे काय? डोळ्यांत फेंस आहे काय?
४. विष्ठा हिरवट आहे काय? मान वांकडी होते काय? पाय किंवा पंख लुळे पडले काय?
५. अंडीं कमी झालीं काय? कवच मऊ, पातळ किंवा सुरकुतलेलें येतें काय?
६. चोंच उघडून आंत पाहिल्यास पिवळा थर किंवा पांढरे फोड दिसतात काय?
७. मागील महिन्याभरांत बाजारांतून नवा पक्षी आणला होता काय? लस केव्हां टोंचली?

उन्हाळ्यांत भर दुपारीं कोंबडी चोंच उघडून धापा टाकते तो रोग नव्हे. कोंबडीस घाम येत नसल्यामुळें ती त्या मार्गानें अंगांतील उष्णता बाहेर टाकते. सांवली व थंड पाणी मिळतांच हें थांबतें. थंडीच्या पहाटे मात्र चोंच उघडी दिसली तर ती रोगाची खूण समजावी.

कारणांची ओळख

*राणीखेत अथवा मानमोडी.* हा सर्वांत घातक. १९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरानजीक हा प्रथम ओळखला गेला, आणि पुढें लवकरच कुमाऊंतील राणीखेत येथें आढळल्यामुळें आपल्याकडे त्यास तें नांव पडलें. याचें कारण एक विषाणु आहे. संसर्गानंतर बहुधा पांचसहा दिवसांनीं लक्षणें उमटतात. कोंबडी मान लांबवून श्वास घेते, हिरवट हगवण लागते, अंडीं थांबतात, आणि कांहीं दिवसांनीं मान पिळवटते किंवा पाय लुळे पडतात. मानमोडी हें नांव त्यावरूनच आलें. लस न टोंचलेल्या कळपांत शंभरांपैकीं ऐंशीनव्वद पक्षीही मरूं शकतात. यावर औषध नाहीं. आजारी पक्षी हाताळणाऱ्या माणसाचे डोळे कधीं कधीं कांहीं दिवस लाल होतात. म्हणून हात डोळ्यांस लावूं नये.

*बर्ड फ्लू.* हाही विषाणूचाच रोग. भारतांतील कोंबड्यांत त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें झाली. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथेंही तो आढळला. अकस्मात् पुष्कळ पक्षी मरणें, तुरा निळसर काळा पडणें व तोंड सुजणें हीं त्याचीं चिन्हें होत. राणीखेत व हा रोग यांतील भेद नुसत्या डोळ्यांनीं करतां येत नाहीं. त्यास प्रयोगशाळाच पाहिजे. तो माणसासही जडूं शकतो. सबब एकाएकीं पुष्कळ पक्षी मेले तर त्यांस उघड्या हातानें शिवूं नये, कापूं नये, खाऊं नये.

*दीर्घकालीन श्वसनरोग.* यास पशुवैद्य सी. आर. डी. म्हणतात. मायकोप्लाझ्मा नांवाचा अतिसूक्ष्म जंतु त्याचें मूळ आहे. हा हळूहळू पसरतो. रात्रींची खुरखुर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत फेंस, वजन घटणें व अंडीं कमी होणें, असें आठवडेच्या आठवडे चालतें. मरण थोडें, पण हानि लांबते. रोगी कोंबडीच्या अंड्यांतून तो पिलांत उतरतो. म्हणून अशा कोंबडीचीं अंडीं उबवण्यास ठेवूं नयेत.

*सांसर्गिक सर्दी.* यास कोरायझा म्हणतात. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत तोंड सुजतें, डोळे मिटतात व नाकांतून दुर्गंधी स्राव वाहतो. खुराड्याचें दार उघडतांच वास आला तर प्रथम हिची शंका घ्यावी. योग्य औषधानें हिला उतार पडतो, परंतु बरा झालेला पक्षी पुढेंही रोग बाळगून राहतो.

*सांसर्गिक श्वासनलिकादाह.* १९३१ सालीं अमेरिकेंत हा प्रथम नोंदला गेला. यांत पिलें फार खुरखुरतात. मोठ्या कोंबड्या बहुधा बऱ्या होतात, परंतु अंडीं वेडींवांकडीं, सुरकुतलेलीं व पातळ पांढऱ्या बलकाचीं येऊं लागतात.

*ओल्या देवी.* तुऱ्यावर व तोंडावर खपल्या येणाऱ्या देवी सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचाच दुसरा प्रकार घशांत होतो. पिवळा थर सांचून वाट बुजते. डांस हा रोग पसरवितात. थर ओरबाडून काढूं नये, रक्त येऊन जखम वाढते.

*बुरशी.* ओला भुसा, कुबट पेंढा किंवा बुरसट दाणा यांतील बुरशीचे कण पिलांच्या फुप्फुसांत रुजतात. पिलें आवाज न करतां धापा टाकतात व मरतात. उपचार हातीं लागत नाहीं. ओलें अंथरूण काढून टाकणें हाच प्रतिबंध.

*जीवनसत्त्व 'अ' ची उणीव.* कोंडून ठेवलेल्या व केवळ ज्वारीतांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे डोळे चिकटतात व घशांत बारीक पांढरे फोड येतात. शेवग्याचा पाला, लसूणघास, कोथिंबीर, पिवळा मका यांनीं हें सुधारतें.

*श्वासनलिकेंतील कृमि.* पिलें वारंवार चोंच वासतात व मान झटकतात. गांडुळें खाऊन हे कृमि पोटांत जातात व पुढें श्वासनलिकेंत वस्ती करतात. पशुवैद्य देतील त्या जंतनाशकानें ते पडतात.

औषधांविषयीं

वरील यादी पाहतां एक गोष्ट ध्यानांत येईल. राणीखेत, बर्ड फ्लू, श्वासनलिकादाह व देवी हे विषाणूंचे रोग असल्यामुळें त्यांवर प्रतिजैविकें, म्हणजे लोक ज्यांस अँटिबायोटिक म्हणतात तीं, मुळींच चालत नाहींत. पशुवैद्य तीं कधीं देतात तें मागून जडणाऱ्या दुसऱ्या जंतूंसाठीं. उलट सी. आर. डी. वर टायलोसिन किंवा टेट्रासायक्लीन वर्गांतील औषध उपयोगी पडतें, पण पेनिसिलिन नाहीं. याचें कारण समजण्याजोगें आहे. पेनिसिलिन जंतूच्या अंगाभोंवतींची भिंत बांधूं देत नाहीं. मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते. ज्याला भिंत नाहीं त्याची भिंत पाडणारें औषध काय करणार? म्हणून माणसांच्या दुकानांतील कॅप्सूल फोडून पाण्यांत टाकण्याचा प्रघात सोडून द्यावा. अपुरी मात्रा व अर्धवट दिवस औषध दिल्यानें जंतु मरत नाहींत, उलट त्या औषधास निर्ढावतात. माणसांच्या आजारांत जें औषध राखून ठेवावयाचें तें या वाटेनें निकामी होऊं नये म्हणून भारत सरकारनें २०१९ सालीं कोलिस्टिन हें प्रतिजैविक खाद्यप्राण्यांस देण्यावर बंदी घातली.

तेव्हां औषधाची निवड, मात्रा व दिवस पशुवैद्यांनींच ठरवावे. त्यांस हा एक प्रश्न अवश्य विचारावा: "अंडीं व मांस किती दिवस वर्ज्य करावयाचें?" तो काळ संपेपर्यंत अंडीं घरांत खाऊं नयेत व विकूंही नयेत.

लसूण, हळद, कांदा हीं दाण्यांत मिसळलीं तर अपाय नाहीं. परंतु त्यांनीं राणीखेत बरा होतो असें समजून लस टाळणें म्हणजे आपल्या हातानें खुराडें रिकामें करणें होय. रॉकेल चोळणें, तंबाखूचें पाणी पाजणें व खुराड्यांत धूर करणें हे उपाय सर्वथा टाकाऊ आहेत. आधींच सुजलेल्या श्वासनलिकेंत धूर कोंडला तर दुसरें काय होणार?

शुश्रूषा

औषध असो वा नसो, शुश्रूषेनें पुष्कळ पक्षी वांचतात. निरोगी कोंबडीचें अंग सुमारें ४१ ते ४२ अंश सेल्सिअस इतकें उष्ण असतें, आणि आजारी पक्ष्यास ती ऊब टिकवितां येत नाहीं. म्हणून रात्रीं तट्ट्याचा किंवा गोणपाटाचा आडोसा करावा, मात्र वरची बाजू मोकळी ठेवावी. एक लिटर पाणी उकळून गार करावें, त्यांत नऊ ग्रॅम मीठ विरघळवावें, व स्वच्छ कापसाच्या बोळ्यानें त्या पाण्यानें डोळे व नाकपुड्या दिवसांतून दोनतीनदां पुसाव्या. प्रत्येक पक्ष्यास नवा बोळा घ्यावा व वापरलेला जाळून टाकावा. हें मिठाचें पाणी धुण्यासाठींच आहे. पिण्यास साधें ताजें पाणीच ठेवावें. भरड मका किंवा कण्या शिजवून मऊ करून द्याव्या. जो पक्षी दोन दिवस पाण्यास शिवत नाहीं व उभा राहत नाहीं, त्याचा क्लेश लांबवूं नये. त्याविषयीं पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

खुराड्याची हवा

विष्ठा ओली राहिली म्हणजे तींतून अमोनिया वायु सुटतो. तो श्वासनलिकेंतील बारीक लव निकामी करतो, आणि तीच लव जंतु बाहेर लोटणारी असते. परीक्षा सोपी आहे: पहाटे दार उघडून खुराड्यांत डोकें घालावें. डोळे चुरचुरले तर जी हवा आपणांस एक क्षण सोसत नाहीं तींत आपल्या कोंबड्या रात्रभर बसतात हें ओळखावें. रात्रीच्या मुक्कामास दर पक्ष्यामागें निदान एक चौरस फूट जागा असावी. पक्ष्यांच्या डोक्यांच्या वर, छपराशीं झरोके असावेत, म्हणजे ओली हवा बाहेर जाते व झोत अंगावर येत नाहीं. राख व कोरडा भुसा पसरून तळ कोरडा राखावा, ओला भाग रोज काढावा व भिंतींस वेळोवेळीं चुना द्यावा.

लस हेंच खरें औषध

राणीखेतवर उपचार नसला तरी प्रतिबंध खात्रीचा आहे. पिलें पांच ते सात दिवसांचीं असतां लासोटा किंवा एफ् जातीच्या लसीचा एक थेंब डोळ्यांत अथवा नाकांत घालतात. सुमारें चौथ्या आठवड्यांत लासोटा पुन्हां देतात. आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोंचतात. ही शेवटची लस मुक्तेश्वर येथील संशोधनशाळेंत १९४० नंतरच्या दशकांत सिद्ध झाली. पुढील मात्रांचा काळ आपल्या भागांतील पशुवैद्यांस विचारून ठरवावा. लस निरोगी पक्ष्यांसच द्यावी. ती २ ते ८ अंश सेल्सिअस थंडाव्यांत आणावी. विरघळविल्यावर दोन तासांत संपवावी. आणि पाण्यांतून द्यावयाची असल्यास त्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर नसावी, कारण तिनें लसच मरते.

येथें खरी अडचण निराळीच आहे. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते, आणि घरोघरीं कोंबड्या दहाबारा. एका घरासाठीं कुपी फोडावी तर उरलेली वायां जाते. म्हणून कोणीच फोडीत नाहीं, आणि रोग आला म्हणजे सारी आळी साफ होते. यास्तव लस हें एका घराचें काम नव्हे, तें गांवाचें काम आहे. दहा घरांनीं मिळून दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यांतून एक कुपी बर्फांत आणवावी, व पहाटे कोंबड्या खुराड्यांतून सुटण्यापूर्वींच घरोघर जाऊन काम उरकावें. प्रत्येक गांवीं सभासदांपैकीं एकानें ही नोंद राखली तर खर्च नाममात्र येतो.

बाजार व कायदा

शेवटीं एक कटु पण आवश्यक गोष्ट. कळपांत मर सुरू झाली म्हणजे पुष्कळ लोक राहिलेले पक्षी आठवडे बाजारांत नेऊन मिळेल त्या किमतीस विकतात. विकणाऱ्यास त्यांत दोन पैसे वांचल्यासारखे वाटतात. परंतु त्या पाटींतून रोग दहा गांवांस जातो, आणि पुढल्या खेपेस तो त्याच बाजारांतून आपल्या घरीं परत येतो. २००९ सालच्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्यानें राणीखेत व बर्ड फ्लू यांसारख्या रोगांची शंका येतांच ग्रामपंचायतीस किंवा गांवच्या अधिकाऱ्यास कळविणें मालकावर बंधनकारक केलें आहे. कळविल्यानें आपलें नुकसान होईल अशी भीति पुष्कळांस असते. पण न कळविल्यानें होणारें नुकसान साऱ्या पंचक्रोशीचें असतें.

मेलेला पक्षी ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. निदान तीन फूट खोल खड्डा करून, वर चुना घालून, कुत्रीं उकरणार नाहींत असा पुरावा. तपासणीस पाठवावयाचा असल्यास आधीं पशुवैद्यांस कळवावें, व ते सांगतील त्याप्रमाणें दुहेरी पिशवींत बांधून बर्फांत ठेवून न्यावा. नवा विकत आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवून मगच कळपांत सोडावा. जत्रेहून किंवा सोयऱ्यांकडून भेट आलेल्या कोंबडीसही हा नियम आहेच. प्रेमानें दिलेल्या कोंबडीबरोबर रोग येत नाहीं असें नाहीं.

सारांश इतकाच कीं, घरघर ऐकूं येतांच औषधाच्या दुकानाकडे धांवूं नये. आधीं पक्षी वेगळा काढावा, मग नीट पाहावें, मग कळवावें आणि शेवटीं औषध द्यावें. आणि घरघर ऐकूं येण्यापूर्वींच, पक्षी धडधाकट असतांना, शेजाऱ्यांस जमवून लसीचा दिवस ठरवावा. सभासद बंधुभगिनींनीं या महिन्यांत निदान आपल्या आळींतील कोंबड्यांची गणती करून ती वहींत लिहून ठेवावी. किती मात्रा लागतील हें एकदां समजलें म्हणजे पुढचें काम फारसें अवघड नाहीं.